त्वचेची रेषा गोरेपणाची नव्हे

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोबाइलवर घेतलेल्या व्हिडिओचे रंग आपले आपण कसे सुधारावेत, यावर आपल्या रविवारच्या पुरवणीत एक लेख आला होता. तो मी दोनदा वाचला. गेली 19 वर्षं मी डीआय (डिजिटल इंटरमीजिएट) कलरिस्ट म्हणून काम करते. चित्रीकरण आणि संकलन झालं की प्रत्येक शॉटचे रंग जुळवत बसायचं, हे माझं रोजचं काम. या कामाबद्दल मराठीत इतकं सविस्तर लिहिलेलं क्वचित वाचायला मिळतं, म्हणून लेख बघून मनापासून आनंद झाला. आधी पूर्ण चित्राचा समतोल साधायचा आणि मगच एखाद्या भागाला हात लावायचा, हा क्रम लेखकाने अगदी अचूक सांगितला आहे. पण लेखाच्या शेवटाकडे एक विधान आहे, ते तसंच राहू देऊ नये म्हणून हे पत्र. व्हेक्टरस्कोपवर, म्हणजे चित्रातले रंग मोजून दाखवणाऱ्या आलेखावर, 'आदर्श त्वचेची' एक रेषा असते आणि चेहरा निवडून त्या रेषेवर आणला की तो उजळ आणि बरोबर दिसतो, असं ते विधान आहे.

ती रेषा उजळपणाची नाही आणि आदर्शाची तर मुळीच नाही. या रेषेपायी माझ्या हातून एक मोठी चूक झालेली आहे, म्हणून जरा लांबण लावून लिहिते आहे. जागेअभावी पत्र कापावं लागलं तर जरूर कापा, फक्त बाळाचा भाग तेवढा राहू द्या.

व्हेक्टरस्कोप म्हणजे एक वर्तुळ. चित्रातला प्रत्येक बिंदू त्या वर्तुळात कुठे ना कुठे पडतो. मध्यापासून तो कोणत्या दिशेला पडला त्यावरून रंग कोणता ते कळतं आणि मध्यापासून किती लांब पडला त्यावरून तो रंग किती भडक ते कळतं. पांढरा, करडा आणि काळा हे तिन्ही बरोबर मध्यावर, एकाच ठिकाणी पडतात. सगळी मेख इथेच आहे. ज्या यंत्रावर पांढरा आणि काळा एकाच बिंदूत बसतात, त्या यंत्राला उजेड-अंधार दिसतच नाही. माणूस गोरा की सावळा, हे व्हेक्टरस्कोप सांगूच शकत नाही. ते बघायला आम्ही शेजारी वेव्हफॉर्म, म्हणजे उजेडाची पातळी दाखवणारा आलेख, उघडून ठेवतो.

आता ती रेषा. लाल आणि पिवळ्याच्या मध्ये, थोडी लालाकडे झुकलेली, साधारण 123 अंशांवर असलेली एक तिरकी रेघ. ती आली कुठून, हेही सांगायला हवं. अमेरिकेत 1953 साली रंगीत टेलिव्हिजनची एनटीएससी पद्धत मंजूर झाली. त्या पद्धतीत रंगाची माहिती आय आणि क्यू अशा दोन संकेतांत वाटून पाठवत. नारिंगीपासून निळसर हिरव्यापर्यंतच्या रंगांतला बारीक तपशील माणसाच्या डोळ्याला जास्त कळतो, म्हणून त्या अक्षाला, म्हणजे आय संकेताला, क्यूपेक्षा जास्त जागा दिली. व्हेक्टरस्कोपवरची रेघ ही त्या आय अक्षाची खूण. त्वचेसाठी म्हणून ती कोणी आखलेली नव्हती. माणसाची कातडी तिच्या आसपास पडते हे काम करणाऱ्यांच्या लक्षात आलं आणि हळूहळू तिला 'स्किन टोन लाइन' हे नाव चिकटलं.

कातडी तिथे पडते त्याला कारण आहे. आपल्या त्वचेचा रंग मुख्यतः दोन गोष्टींनी ठरतो, मेलॅनिन आणि कातडीखालून वाहणाऱ्या रक्तातलं हिमोग्लोबिन. मेलॅनिन कमी-जास्त झालं की त्वचा उजळ किंवा गडद होते, रंगाचा भडकपणाही बदलतो, पण दिशा फारशी बदलत नाही. म्हणून अगदी गोरा माणूस आणि अगदी काळा माणूस एका उजेडात शेजारी बसवले, तर दोघांच्या कातडीच्या बिंदूंचा पट्टा, म्हणजे माग, याच रेघेच्या आजूबाजूला, चार-सहा अंश इकडे-तिकडे उमटतो. मला आजही हे बघताना बरं वाटतं. गोरेपणाशी जोडली गेलेली ही रेघ खरं तर सगळ्यांना एकाच ओळीत बसवते.

पण याचा अर्थ प्रत्येक चेहरा ओढून त्या रेघेवर आणायचा, असा होत नाही. उन्हाने रापलेला चेहरा लालाकडे सरकतो. थंडीने काकडलेले ओठ निळसर होतात. मावळतीच्या उजेडातली कातडी नारिंगी होते आणि ती तशीच दिसायला हवी. चेहरा रेघेपासून लांब गेलेला दिसला, तर रेघ एवढंच म्हणते की इथे काहीतरी आहे, बघा. ते काय आहे हे तिला माहीत नसतं. मलाही माहीत नव्हतं.

काही वर्षांपूर्वी नवजात बाळांच्या देखभालीवरची एक प्रशिक्षणाची फिल्म माझ्याकडे आली. नर्सिंगच्या विद्यार्थिनींना दाखवायची होती. आवाज अजून लागलेला नव्हता, शॉटना नुसते क्रमांक होते. त्यातला एक शॉट 40 सेकंदांचा. पांढऱ्या चादरीवर उघडं बाळ, डावीकडून खिडकीचा उजेड. उजवीकडून सिस्टरचा हात येतो, एक बोट बाळाच्या कपाळावर टेकतं, हलकेच दाबतं आणि उचललं जातं. मग तेच छातीवर. मग पोटावर.

मी नेहमीप्रमाणे आधी पूर्ण चित्र घेतलं. चादरीवरून पांढरा जुळवला. परेडवर, म्हणजे लाल, हिरवा, निळा यांच्या पातळ्या वेगवेगळ्या दाखवणाऱ्या आलेखावर, तिन्ही एका पातळीवर आले, चादर स्वच्छ झाली. बाळ मात्र पिवळटच राहिलं. व्हेक्टरस्कोपवर त्याचा माग रेघ सोडून पिवळ्याकडे कललेला. माझ्या डोक्यात लगेच उत्तर तयार होतं. बाजूला एखादी पिवळी भिंत असणार, तिचा उजेड बाळावर पडतोय. असं शेकडो वेळा होतं. हिरवळीवर बसलेल्या माणसाच्या हनुवटीखाली हिरवं येतं, लाल पडद्याशेजारी उभ्या असलेल्याचा गाल लाल होतो. ते काढणं हे माझं कामच आहे.

मी नवा नोड, म्हणजे दुरुस्तीचा एक वेगळा टप्पा, घेतला. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. भागाची दुरुस्ती करायची तर यंत्राला आधी तो भाग ओळखून द्यावा लागतो. त्याचा एक मार्ग म्हणजे क्वालिफायर. पिपेटने कातडीवर टिपायचं, मग रंगाची, भडकपणाची आणि उजेडाची अशा तीन पट्ट्या कमी-जास्त करत 'की' काढायची. जे निवडलं ते पांढरं, जे सोडलं ते काळं, असं करडं चित्र समोर येतं. दुसरा मार्ग म्हणजे विंडो, सरळ एक आकार काढून आतला भाग घ्यायचा आणि तो आकार हलणाऱ्या माणसाबरोबर ट्रॅक करायचा. बहुतेक वेळा दोन्ही मिळून वापरावे लागतात, कारण कातडीचा रंग एकट्या कातडीचा नसतो. लाकडी दार, पुठ्ठा, वाळू, विटकरी भिंत हे सगळं त्याच दिशेला पडतं. चेहऱ्याची की काढायला जावं तर मागचं कपाटही हजर होतं.

माझ्या की-मध्ये बाळाबरोबर सिस्टरचा हातही थोडा थोडा येत होता. तो यायला नको होता, कारण तो हात अगदी व्यवस्थित रेघेवर होता. म्हणून मी हाताभोवती वेगळी विंडो काढून तो भाग वजा केला. बोट दाबून उचलण्याच्या जागी ट्रॅकिंग टिकेना, बोट पुसट होत होतं, तेव्हा मी एक एक फ्रेम पुढे सरकवत हाताने आकार हलवला. फिल्म सेकंदाला 25 फ्रेमची होती, तीन दाबांचे मिळून पावणेदोनशेच्या वर फ्रेम झाल्या. अख्खी दुपार गेली. मग बाळाचा ह्यू, म्हणजे रंगाची दिशा, थोडा लालाकडे फिरवला, पिवळ्याचा भडकपणा जरा खाली घेतला. माग रेघेवर येऊन बसला. बाळ गुलाबी, टवटवीत दिसायला लागलं. काम सुरेख झालं होतं. काठ कुठेही फाटत नव्हते, 'की' कुठेही थरथरत नव्हती.

दोन दिवसांनी बालरोगतज्ज्ञ डॉक्टरबाई फिल्म बघायला आल्या. तो शॉट आला आणि त्या खुर्चीत पुढे झाल्या. थांबवायला सांगितलं, पुन्हा बघितला. मग शांतपणे विचारलं, "या बाळाची कावीळ कुठे गेली?"

तो शॉट काविळीचा होता. बोटाने दाबलं की तिथलं रक्त क्षणभर बाजूला सरकतं आणि खालच्या कातडीचा पिवळेपणा उघडा पडतो. तो बघायला शिकवणं एवढ्यासाठीच तो शॉट घेतला होता. बाईंनी मला तिथेच बसून समजावलं. नवजात बाळांमध्ये कावीळ फार सर्रास होते, बहुतेक वेळा आपोआप जाते, पण रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे काविळीचा पिवळेपणा आणणारं द्रव्य, फार वाढलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. दर 100 मिलिलिटर रक्तामागे सुमारे 5 मिलिग्रॅम झालं की बाळाच्या कातडीवर पिवळं दिसायला लागतं. आधी चेहऱ्यावर, मग छातीवर, पोटावर, असं खाली उतरत जातं. म्हणून तीन ठिकाणी दाबलं होतं. गडद कातडीच्या बाळात हे पटकन कळत नाही, तिथे डोळ्यांचा पांढरा भाग आणि हिरड्या बघाव्या लागतात, आणि सगळं दिवसाच्या उजेडात बघायचं. म्हणून खिडकी होती. म्हणून चादर पांढरी होती. त्या शॉटमधली प्रत्येक गोष्ट कोणीतरी विचार करून ठेवलेली होती आणि ज्याच्यासाठी ठेवली होती तेवढंच मी नेमकं पुसलं होतं.

त्या रात्री मी तो प्रकल्प पुन्हा उघडला. मला कळून घ्यायचं होतं की मला हे कळायला हवं होतं का. उत्तर 'हो' असंच आलं, आणि त्यासाठी वैद्यकीय ज्ञानाची गरज नव्हती. चादर पांढरी होती. त्याच चादरीवर, त्याच खिडकीच्या उजेडात सिस्टरचा हात रेघेवर होता. एका उजेडात दोन कातड्या, एक जागेवर आणि एक सरकलेली. दोष उजेडाचा असता तर दोन्ही सरकल्या असत्या, चादरीची त्या बाजूची घडीही पिवळी झाली असती. सिस्टरचा हात मला दुपारभर हेच सांगत होता आणि मी तो की-मधून वजा करण्यात गुंतले होते.

नोड काढून टाकायला एक सेकंद लागला. फिल्मच्या प्रती निघायच्या आधी हे झालं. पण डॉक्टरबाईंना त्या दिवशी यायला जमलं नसतं तर? कितीतरी मुलींनी 'कावीळ अशी दिसते' म्हणून एक गुलाबी बाळ डोळ्यांत साठवलं असतं.

आमच्या कामात नुसत्या डोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही, हे खरं आहे. पिवळट चित्राकडे पाच मिनिटं टक लावून बघितलं की डोळा त्यातला पिवळा आपणहून वजा करतो. म्हणून तर आमच्या खोलीच्या भिंती करड्या असतात, मॉनिटरमागचा दिवा 6500 केल्व्हिनचा, म्हणजे दिवसाच्या उजेडाच्या रंगाचा, असतो आणि दर थोड्या वेळाने नजर उचलून त्या करड्या भिंतीकडे बघायची सवय लावून घ्यावी लागते. स्कोप त्यासाठीच हवेत, डोळा फसतो तिथे ते फसत नाहीत. पण स्कोप मोजतो, कारण सांगत नाही. तेवढं काम आपलं असतं.

लेखकाने 'चेहरा उजळतो' असं लिहिलं त्यात त्यांचा हेतू वाईट नसेल. पण माझ्या खोलीत मी हा शब्द फार ऐकला आहे. 'जरा उजळ करा ना चेहरा.' मुलाखत असो, जाहिरात असो, लग्नाची फिल्म असो. हे कसं करतात तेही सांगते. कातडीची की काढायची, मधल्या छटा वर घ्यायच्या, भडकपणा उतरवायचा. करायला दोन मिनिटं लागतात. काय होतं ते जवळून बघण्यासारखं आहे. गालाच्या हाडाखालची सावली जाते, ती गेली की चेहऱ्याची ठेवण जाते. केसांच्या मुळाशी एक फिकट कड उमटते. कान मागे राहतो, कारण तो सावलीत असतो आणि की-मध्ये नीट येत नाही. माणूस बोलता बोलता हात चेहऱ्याजवळ आणतो आणि एकाच माणसाच्या अंगावर दोन रंग दिसतात. मोबाइलच्या व्हिडिओत तर हे आणखी उघडं पडतं. बरेचसे मोबाइल 8 बिट आणि 4:2:0 या पद्धतीने चित्र साठवतात. म्हणजे प्रत्येक मूळ रंगाच्या 256 पायऱ्या, जिथे 10 बिटमध्ये 1024 असतात. शिवाय चार पिक्सेलमागे रंगाची नोंद एकच. उजेडाची नोंद पुरी, रंगाची पाव. अशा चित्रातून चेहऱ्याची की काढली की काठ चौकटी-चौकटीचे येतात आणि फ्रेमगणिक हलतात. लेखात क्वालिफायर शिकवताना ही अडचण सांगायला हवी होती. मोबाइलच्या चित्राला की-पेक्षा मोठी, मऊ काठांची विंडो किंवा ठरावीक रंगच हलवणाऱ्या ह्यू कर्व्हवरचा हलका बदल जास्त मानवतो.

चेहरा दिसत नसेल तर तो दिसता करणं हे माझं कामच आहे, त्याला माझा विरोध नाही. खिडकीकडे पाठ करून बसलेल्या माणसाचा चेहरा अंधारात गेला, तर मी विंडो टाकून त्याच्यावर उजेड आणते. पण तो त्याच्याच कातडीवरचा उजेड असतो. शेजारी बसलेल्या माणसापेक्षा तो सावळा असेल तर उजेड आणल्यावरही सावळाच दिसायला हवा.

कोणाची कातडी प्रमाण धरायची, हा प्रश्न यंत्रांच्या इतिहासात नवा नाही. कोडॅक कंपनी फोटो छापणाऱ्या प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी नमुन्याची कार्डं पाठवायची. त्यांवर गोऱ्या बाईचा फोटो असे. 'शर्ली कार्ड' असं त्यांचं नाव पडलं होतं. प्रयोगशाळा तिची कातडी नीट येईपर्यंत यंत्र जुळवत आणि मग तेच जुळवलेलं यंत्र सगळ्यांचे फोटो छापत असे. गडद कातडीच्या माणसांचे फोटो बिघडत राहिले. कॅनडातल्या कॉनकॉर्डिया विद्यापीठातल्या अभ्यासक लॉर्ना रॉथ यांनी 2009 साली यावर सविस्तर लेख लिहिला आहे. त्यात आलेली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. तपकिरी छटा फिल्मवर नीट येत नाहीत, ही तक्रार कंपनीकडे जोरात केली ती चॉकलेट बनवणाऱ्यांनी आणि लाकडी फर्निचर बनवणाऱ्यांनी. त्यांच्या मालात फरक दिसत नव्हता. फिल्म सुधारली, आणि तिचा फायदा माणसांना झाला. म्हणून आज कोणी 'आदर्श त्वचेची रेषा' असं छापलं की माझा जीव वर-खाली होतो. व्हेक्टरस्कोपवरची रेघ तरी त्या कार्डांपेक्षा न्यायाची आहे. तिलाही आपण शर्ली करू नये.

भागाला हात लावणंच वाईट, असा समज मात्र या पत्राने होऊ नये. रॉजर डीकिन्स यांनी चित्रित केलेला 'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?' हा 2000 सालचा चित्रपट आमच्या व्यवसायात सगळ्यांना ठाऊक आहे. चित्रीकरण झालं तेव्हा झाडं हिरवीगार होती आणि हवा होता तो धुळकट, वाळलेला पिवळा. सगळी फिल्म स्कॅन करून संगणकावर हिरवे रंग त्या दिशेला वळवले, कातडीला धक्का न लावता. कथेला उन्हाळा हवा होता, उन्हाळा दिला. बघणाऱ्याला ती कथा आहे हे माहीत असतं. मी स्वतः कितीदा आकाश खाली घेतलं आहे, ट्यूबलाइटची हिरवट झाक गळ्याखालच्या सावलीतून काढली आहे, मागच्या माणसाचा भडक लाल शर्ट शांत केला आहे कारण नजर बोलणाऱ्यावरून उडून त्याच्याकडे जात होती. यातल्या प्रत्येकाला मला कारण सांगता येतं. त्या बाळानंतर मी नोडला नाव देताना पुढे कारण लिहायला लागले. 'सावली हिरवी, ट्यूब, खात्री केली.' 'शर्ट, नजर जाते.' कारण लिहिता आलं नाही तर नोड बंद करून ठेवते आणि दिग्दर्शकाला फोन करते. माझे सहायक आधी वैतागायचे, आता तेही लिहितात.

बातमीचं मात्र वेगळं आहे आणि हे आपल्याला, संपादक महोदय, विशेष सांगावंसं वाटतं, कारण आता वृत्तपत्रंही व्हिडिओ करतात. जून 1994 मध्ये 'टाइम' साप्ताहिकाने खुनाचा आरोप असलेले कृष्णवर्णीय अमेरिकी खेळाडू ओ. जे. सिम्प्सन यांचा पोलिसांनी काढलेला फोटो मुखपृष्ठावर छापला तो काळवंडून. त्याच आठवड्यात 'न्यूजवीक'ने तोच फोटो मुखपृष्ठावर जसाच्या तसा छापला होता, त्यामुळे दोन्ही अंक शेजारी ठेवून कोणालाही फरक बघता आला. त्यावर मोठं वादळ उठलं आणि उठायलाच हवं होतं. तो एक फोटो होता. व्हिडिओत शेजारी ठेवायला दुसरा अंक नसतो, विंडो माणसाबरोबर चालत राहते आणि बघणाऱ्याला ती कधीच दिसत नाही. बातमीच्या चित्रात पूर्ण फ्रेमचा समतोल साधावा, पांढरा पांढरा दिसेल एवढं करावं. पण एकट्या चेहऱ्याचा, एकट्या जखमेचा, एकट्या पाण्याचा किंवा धुराचा रंग बदलू नये, अशी माझी आपल्या व्हिडिओ विभागाला कळकळीची विनंती आहे. पाणी गढूळ होतं की निळं, हीच कधी कधी बातमी असते.

आणि लेखातल्या त्या वाक्याची दुरुस्ती पुढच्या रविवारी छापावी, ही दुसरी विनंती. ही रेषा ह्यूची, म्हणजे रंगाच्या दिशेची आहे, तिचा उजळपणाशी संबंध नाही, एवढी एक ओळ पुरेल.

लेखकमहोदयांनाही एक सुचवते. वेगवेगळ्या वर्णाच्या चार माणसांना सकाळी एका खिडकीजवळ ओळीने बसवा, हातात पांढरा कागद द्या आणि मोबाइलवर दहा सेकंद चित्रण करा. रंग जुळवण्याच्या दा विंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरची फुकट मिळणारी आवृत्ती त्यासाठी पुरते. कागदावरून पांढरा जुळवा, व्हेक्टरस्कोप उघडा आणि विंडोने एकेका चेहऱ्याचा भाग वेगळा करून बघा. कोणाचा माग आखूड येईल, कोणाचा लांब. मग पूर्ण चित्राचा उजेड थोडा खाली घ्या. वेव्हफॉर्म खाली उतरेल, व्हेक्टरस्कोपवरचे माग मध्याकडे थोडे आखडतील, पण चारही चेहरे त्याच रेघेला धरून राहतील. त्या चौघांचा स्क्रीनशॉट त्यांनी आपल्या सदरात छापला तर मी तो कापून माझ्या करड्या भिंतीवर लावेन.

कळावे,
आपली नियमित वाचक,
एक डीआय कलरिस्ट